चालायचं कुठं, ते सांगा

डॉक्टरांनी ज्यांना ‘रोज चालत जा’ म्हणून घरी पाठवलंय आणि ज्यांच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की चालायला जागाच नाही, अशा माणसांसाठी मी हे लिहिते आहे. ज्यांच्या घरासमोर बाग आहे, त्यांनी वाचलं नाही तरी काही बिघडत नाही. आणि वाचून कुणी मला उपाय सुचवू नयेत. कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची पूड, सगळं माझ्या पोटात जाऊन आलेलं आहे.

मला साखर आहे, रक्तदाब आहे, आणि हृदयानंही एकदा दणका दिलेला आहे. आता मी बरी आहे. म्हणजे गोळ्या खाते आणि चालते. राग मात्र गेलेला नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नाही, कारण मला घराबाहेर काढलं ते त्या रागानंच.

हायवे टच

मी प्राथमिक शाळेत बाई होते. नोकरीची बहुतेक वर्षं आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्याही वर, डोंगरातल्या वाड्यांवर गेली. एसटी जिथं सोडायची तिथून शाळा चढावर. भातखाचरांच्या बांधावरून जायचं, ओढा ओलांडायचा, पुन्हा चढ. पावसाळ्यात चपला हातात. शनिवारी घरी, सोमवारी परत. मधल्या दिवसांत वाडीवाडीला जाऊन पोरं गोळा करायची, कारण पोरं आपणहून येत नसत. याला तेव्हा कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. मी मनातल्या मनात सरकारला शिव्या देत ते अंतर कापायची. त्या काळातल्या फोटोत माझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या दिसतात.

नव्वदचं दशक सरता सरता मी निवृत्त झाले. आमचे हे मूळचे राजुरीचे, पंचायत समितीत नोकरीला. राजुरीच्या घरात दीर-जावा, त्यांची मुलं, सगळं भरलेलं. यांना स्वतःचा बंगला हवा होता. नारायणगावच्या बाहेर, वारूळवाडीच्या अंगाला, पुणे-नाशिक हायवेला लागून एका शेतकऱ्यानं जमिनीचे प्लॉट पाडून विकायला काढले होते. त्या शेतकऱ्याला सगळे आप्पा म्हणत. पांढरी टोपी, हातात मोटारसायकलची किल्ली, आणि बोलणं मोठं गोड.

“हायवे टच हाय, बाई,” आप्पा मला म्हणाले. “दारात गाडी. आन् मागनं माज्या बागंतनं कालव्यावर जायाला वाट. सकाळ-संध्याकाळ फिरा की निवांत. म्हातारपणी अजून काय पायजे?”

वाट मी स्वतः पाहिली होती. आप्पांच्या द्राक्षबागेच्या कडेनं बांधावरून जायची आणि कालव्याच्या रस्त्याला लागायची. कालव्यावर बाभळी, करंज, दोन्ही बाजूंना ऊस, आणि वाहन म्हणाल तर एखादी बैलगाडी. तिथून चालत वारूळवाडीला जाता येत होतं, नारायणगावच्या बाजाराला जाता येत होतं. ती वाट बघून मी घराला होकार दिला.

आम्ही राहायला आलो आणि त्यानंतरच्या द्राक्षाच्या हंगामात आप्पांनी वाटेवर तारेचं कुंपण घातलं. लोखंडी फाटक, त्याला कुलूप, आत कुत्रं. कारण काय, तर लोक घड तोडतात, चपलांबरोबर बागेत रोग आणतात, आणि उसात बिबट्या आहे.

बिबट्या होता हे खरं. त्या वर्षांत जुन्नर तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली होती, आणि अंधार पडला की लोक घराबाहेर पडत नव्हते. पण बिबट्याला कुलूप लावतात हे मी तेव्हाच पाहिलं.

मागची वाट बंद झाली आणि उरला पुढचा हायवे. घरापासून बाजारापर्यंत रस्त्याच्या कडेला पाऊल ठेवायला जागा नाही. डांबर संपतं तिथं खड्डा, खड्डा संपतो तिथं गटार, आणि गटार संपतं तिथं हॉटेलांनी मांडलेली बाकडी. टोमॅटोच्या हंगामात क्रेट भरलेले पिकअप असे सुटतात जणू मागं आग लागलीय. सांडलेल्या टोमॅटोचा चिखल झालेला असतो, त्यात पाय घसरतो. आमचे हे सगळं सामान स्कूटरवरून आणू लागले. मी घरात बसले. टीव्हीवर हिंदी मालिका लागायच्या, त्या बघितल्या. सून पुण्याहून आली की म्हणायची, “आई, तुमची तब्येत छान झालीय हां.” तब्येत छान म्हणजे जाड. आपल्याकडे हे असंच बोलतात.

मी जास्त खाल्लं नाही. हे मी पुन्हा सांगते, कारण माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. डोंगरात असताना मी याहून जास्त भाकरी खात होते. बदललं ते ताट नव्हतं, पत्ता बदलला होता.

एसटीची पायरी

मंचरला मावसबहिणीच्या घरी वास्तुशांत होती. आमच्या ह्यांना काही काम होतं, म्हणून मी एकटी नारायणगावच्या स्टँडवर गेले. गाडी लागली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि दुसरा पाय वर येईना. दांडी धरून मी तशीच लटकले. मागून रेटा. कंडक्टर ओरडला, “ओ आजी, उरका, मागं गर्दी हाय.”

आजी म्हटल्याचा राग आला, तेवढं आठवतं. मग छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं, डाव्या हातातून कळ गेली आणि मी पायरीवरच बसले. दोघातिघांनी मला उचलायचा प्रयत्न केला. त्यातला एकजण दुसऱ्याला म्हणाला, “लई वजन हाय राव, अजून एक माणूस बलाव.” मला दिसत कमी होतं, पण ऐकू सगळं येत होतं. मरायला लागलेल्या माणसाला ऐकू येतं, हे लोकांनी लक्षात ठेवावं.

स्टँडजवळच्या एका खाजगी दवाखान्यात मला नेलं. सुई, पट्ट्या, छातीला चिकटवलेल्या वायरी. आमचे हे आले तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल होती आणि एक पाय अनवाणी. तसे ते फार नीटनेटके. त्यांचा तो उघडा पाय बघून मी खरी घाबरले.

डॉक्टर तरुण होते. केसपेपर वाचत वाचतच बोलले. हृदयाला थोडी इजा झालीय, साखर भरपूर आहे, ती बहुधा दोन-तीन वर्षांपासून असावी, रक्तदाब आहे, वजन फार आहे.

“काय करता दिवसभर?”

“घरी असते.”

“बसून?”

“मग काय उभी राहून?”

त्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, “हे बघा आजी, ही आळसाची बक्षिसं आहेत. इथून सुटलात की रोज चालायचं. भरभर, मोकळ्या हवेत.”

“कुठं?” मी विचारलं.

पण ते पुढच्या खाटेकडे गेले होते.

‘आळस’ हा शब्द मला सुईपेक्षा जास्त लागला. आयुष्यभर मी तो दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाईनं लिहिला होता.

शेजारची खाट

दवाखान्यातला दिवस बोट टोचण्यानं सुरू होतो. मग बिनसाखरेचा चहा, तोही गार. मग झाडूवाली येते आणि खाटेखालून असा फराटा मारते की आपल्या चपला दुसऱ्याच्या खाटेखाली जातात. मग भेटायला येणारे. माणूस आजारी पडला की त्याच्या खाटेवर बसायचा सगळ्यांना परवाना मिळतो. माझ्या पायावर बसून यांच्या चुलतभावानं मला पथ्य सांगितलं आणि मला आणलेली केळी स्वतः खाल्ली.

ठकूबाई आली ते मात्र बरं वाटलं. डोंगरातल्या माझ्या पहिल्या वाडीवर शाळेला खोली नव्हती, तेव्हा तिच्या ओसरीवर शाळा भरायची. कुणाकडून तरी कळलं म्हणून नातवाबरोबर एसटीनं आली. कमरेच्या पिशवीतून हिरडे काढून माझ्या उशाशी ठेवले आणि मला खालीवर बघून म्हणाली, “बाई, तुमी सुजल्या का जाड झाल्या?”

“जाड झाले.”

“आगं बया! कुनाची तरी नजर लागली. डोंगरात ऱ्हायला चला की. आमच्याकडं हाय का कोन जाड?”

खोलीतल्या सगळ्यांना ते फार पटलं. डोंगरातली हवा, डोंगरातली माणसं, असं कौतुक सुरू झालं. मला संताप आला. ह्याच ठकूबाईची थोरली लेक बाळंतपणात अडली तेव्हा तिला घोंगडीच्या झोळीत घालून, ज्या चढावर मी काटक झाले त्याच चढावरून खाली आणावं लागलं होतं. खाली पोचेपर्यंत ती राहिली नाही. रस्ता नव्हता म्हणून ठकूबाई सडपातळ आहे आणि रस्ता नव्हता म्हणूनच तिची लेक नाही. कौतुक करणाऱ्यांना दुसरी गोष्ट माहीत नव्हती. ठकूबाईसमोर मी ती सांगितली नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर बेल्ह्याची एक बाई होती. तिचा नवरा बैलांच्या बाजारातला व्यापारी. तिच्या पायाचा अंगठा साखरेनं काळा पडला होता आणि काळेपणा वर चढत होता. तिला पुण्याला न्यायचं ठरलं. नेण्याच्या आधी ती माझ्याकडे कुशीवर वळली आणि हळूच म्हणाली, “बाई, तुमी शिकल्याल्या हाय म्हून इचारते. पाय काडत्यात, तर मागनं त्याचं काय करत्यात? घरच्यांना देत्यात का?”

मी म्हणाले, “काढणारच नाहीत.” खोटं बोलले. ती गेल्यावर मी चादर बाजूला करून माझ्या दोन्ही पायांची बोटं एकेक दाबून बघितली. दुखली. म्हणजे साखरेनं अजून बधिर झाली नव्हती. दुखल्याचा आनंद व्हावा असे दिवस आले होते.

घरातले फेरे

घरी आल्यावर मी चालायला सुरुवात केली. कुठं? हॉलमध्ये. सोफ्याला वळसा, टीव्हीपुढून स्वयंपाकघर, परत सोफा. आमचे हे पेपर वाचत बसायचे आणि दर फेरीला पाय आवळून घ्यायचे. चार दिवसांत त्यांचा संयम संपला.

“अगं, गच्चीवर जा ना.”

गच्चीवर गेले. सिमेंट तापलेलं, आणि शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका माझ्याकडे बघून तोंडात पदर घालून हसायच्या. गोल गोल फिरून चक्कर यायला लागली. मग मुलानं पुण्याहून व्यायामाची सायकल आणली. तिचं सीट माझ्या मापाचं नव्हतं आणि माझे गुडघे तिच्या मापाचे नव्हते. काही दिवसांनी तिच्यावर परकर वाळायला लागले. मुलगा फोनवर म्हणाला, “आई, तुलाच इच्छा नाहीये.”

म्हणून एका सकाळी मी कुणाला न सांगता हायवेनं निघाले. बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस होता. जनावरं भरलेले टेम्पो एकामागून एक चाललेले. मी अगदी कडेनं, गटाराला धरून चालत होते. मागून हॉर्न वाजला, मी अंग चोरलं, तरी एका टेम्पोचा आरसा माझ्या खांद्यावर बसला आणि मी गटारात गेले. टेम्पो थांबला नाही. मागच्या फळीवरून एक म्हैस मान वळवून माझ्याकडे बघत होती, तेवढीच काय ती चौकशी.

हायवे टच म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

हॉटेलवाल्यानं मला बाहेर काढून घरी आणून सोडलं. खांदा काळानिळा झाला होता, साडी चिखलानं भरलेली. आमचे हे दारात उभे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला, आणि भीतीचा त्यांच्याकडे नेहमी राग होतो.

“कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? मरायचंय का तुला?”

“घरात बसले तरी मरणारच आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्हीच मला या रस्त्याला आणून टाकलंत.”

“मी? तू नाही का हो म्हणालीस?”

“मी वाटेला हो म्हणाले होते. तुमच्या हायवेला नाही.”

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवसासारखे आम्ही कधी भांडलो नव्हतो. ते जेवले नाहीत. मीही जेवले नाही, आणि साखर उतरून मला घाम फुटला. तेव्हा त्यांनीच धावत गूळ आणला आणि माझ्या तोंडात घातला. त्यांच्या हाताला गुळाचा आणि स्कूटरच्या ग्रीसचा वास येत होता.

पुढच्या तपासणीला वजन वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हणाले, “डॉक्टर, औषध लिहून देता तेव्हा ते कुठल्या दुकानात मिळतं तेही सांगता. चालायला लिहून देता, तर चालायचं कुठं तेही सांगा.”

“आजी, ज्याला चालायचंय तो कुठंही चालतो.”

“तुम्ही चालता?”

त्यांची गाडी दवाखान्याच्या दारात उभी होती आणि त्यांचं घर त्याच गल्लीच्या टोकाला, दारातून दिसेल असं. त्यांनी गोळी वाढवून दिली.

फाटक

तिथून मी घरी गेलेच नाही. तडक आप्पांच्या बंगल्यावर गेले. जमीन विकून त्यांनी तो बागेच्या कडेला, फाटकालगत तीन मजली बांधला होता, खांबांवर सिंह वगैरे. आप्पा झोपाळ्यावर बसले होते.

“आप्पा, फाटकाची किल्ली द्या. मला कालव्यावर चालायला जायचंय.”

“बाई, बागंतनं न्हाई जाता येनार.”

“प्लॉट विकताना तुम्हीच वाट दाखवली होतीत.”

“दाकवली व्हती. दिली न्हवती.” आप्पा हसले. “कागदावर हाय का वाट? आसल तर दावा. तुमी तर शिकल्या-सवरल्याल्या.”

“कागदावर नाही. तुमच्या तोंडात होती.”

“आन् बिबट्यानं वडून नेलं मंजी? माज्या डोक्यावर खापर.”

“बिबट्या महिन्यातून एखाद्या दिवशी येतो, आप्पा. टेम्पो रोज येतात.”

त्यांनी झोपाळ्याला पायानं रेटा दिला आणि दुसरीकडे बघायला लागले. ग्रामपंचायतीत जाऊन उपयोग नव्हता. तिथं त्यांचाच पुतण्या बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन फाटकासमोर जाऊन बसले. आत कुत्रं भुंकत होतं, बाहेर मी. उन्हं वर आली की उठायचं, दुसऱ्या दिवशी परत. कॉलनीतले लोक आपापल्या स्कूटरी काढता काढता बघायचे. एकजण आमच्या ह्यांना म्हणाला, “मॅडमच्या जरा डोक्यावर परिणाम झालाय का हो, आजारानं?” हे घरी येऊन म्हणाले, “अगं, माझी मान खाली जाते.” मी म्हणाले, “मान खाली गेली तर रस्ता बघा खालचा.”

आप्पा रोज मोटारसायकलवरून जाताना मुद्दाम माझ्या पुढ्यात धूर सोडायचे. मी हलले नाही. खरं सांगायचं तर, त्या खुर्चीपर्यंत जाणं-येणं एवढंच माझं चालणं होतं आणि तेवढ्यानंही मला त्या काळात दम लागायचा.

बंगल्याच्या वरच्या मजल्यावरून एक बाई माझ्याकडे बघायची. आप्पांची बायको, हौसाबाई. मी तिला खाली आलेलं कधी पाहिलं नव्हतं. ऐकलं होतं की तिलाही साखर आहे, सुया घेते आणि गुडघ्यांमुळे जिना उतरत नाही.

एके सकाळी बंगल्याच्या मागच्या दारात आरडाओरडा ऐकू आला. हौसाबाई भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत बाहेर येत होती. माझ्यापेक्षाही जाड. हातात किल्ली. मागून आप्पा.

“कुटं निगाली?”

“कालव्यावं.”

“गुडगं हायेत का तुला? पडशील तितं!”

“गुडगं व्हतं मला. तुमच्या ह्या बंगल्यात बसून गेलं. वैरन आनत व्हते, दूद घालाया वारूळवाडीला जात व्हते, तवा दुकलं का कदी? जमीन इकली आन् मला वर नेऊन ठिवली, फोटोवानी.”

“लोकं काय म्हंतील?”

“लोकं तीन म्हैनं झालं बगत्यात त्या बाईला. तुमाला काय म्हंत्यात, इचारलं का?”

आप्पांनी किल्लीला हात घातला. हौसाबाईनं हात मागं घेतला आणि त्यांच्याकडे असं बघितलं की ते जागेवर थांबले. कुत्र्याला तिनं एका हाकेत गप्प केलं. कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरेना. मी बाहेरून फाटक रेटून धरलं, तिनं आतून ताकद लावली, आणि ते उघडलं.

मी तिचे आभार मानायला गेले.

“बाई, तुमच्यासाटी न्हाई उगाडलं,” ती म्हणाली. “मला जायाचं व्हतं.”

कालव्यावर

आम्ही दोघी पहिल्या दिवशी बांध संपेपर्यंतही गेलो नाही. ती एका करंजाच्या मुळावर बसली, मी दुसऱ्या. दोघींचा श्वास भात्यासारखा चाललेला. कालव्याला पाणी सोडलेलं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “तुमी तर लईच दमता.” मी म्हणाले, “तुम्ही कुठं उडताय?”

आमची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. रोज भांडण व्हायचं. ती म्हणायची शिकलेल्या बायका आळशी असतात. मी म्हणायची जमीनवाल्या बायकांना हुकूम सोडायची सवय असते. ती माझ्या चपलांना हसायची, मी तिच्या अंगावरच्या सोन्याला. पण भांडायला दोघींनाही यावं लागायचं, आणि यायचं तर चालावं लागायचं. हळूहळू करंजाचं झाड मागं पडलं. कॉलनीतल्या आणखी बायका यायला लागल्या, गच्चीवरून हसणाऱ्यासुद्धा. मी त्यांना माफ केलं नाही, पण रस्ता सगळ्यांचा होता. आमचे हे एक दिवस स्कूटर न काढता मागून आले. नुसते चालले.

माझं वजन उतरलं, साखर आटोक्यात आली, एसटीची पायरी मी दांडी न धरता चढले. सगळं बरं झालं असं समजू नका. गोळ्या जन्माच्या आहेत आणि छातीत जरा काही झालं की आजही मी हातातलं टाकून खाली बसते. डॉक्टर कागद बघून खूश झाले. “बघा आजी, आळस सोडला की होतं!”

“आळस नाही सुटला, डॉक्टर,” मी म्हणाले. “कुलूप सुटलं.”

ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

हौसाबाईला मात्र उशीर झाला होता. साखर मूत्रपिंडात उतरली होती, आम्ही दोघीही ते ओळखू शकलो नाही. तिच्या पायांवरची सूज आम्ही चालण्याची समजलो. पुण्याला नेली आणि ती परत आली नाही.

दहाव्याला मी गेले. लोक जमले होते. आप्पा टोपी काढून भिंतीशी बसले होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “आप्पा, फाटक आधी उघडलं असतं तर ती अजून चालली असती.”

लोकांनी मला गप्प करायचा प्रयत्न केला. एका बाईनं माझा हात धरून ओढलं. मी चुकीच्या दिवशी बोलले असेन, पण खोटं बोलले नाही. आप्पांनी मान वर केली नाही.

मला वाटलं होतं आता फाटक पुन्हा बंद होणार. दुसऱ्या दिवशी गेले तर ते नुसतं लोटलेलं होतं. त्यानंतरही तसंच राहिलं. आप्पा माझ्याशी बोलत नव्हते, मी त्यांच्याशी बोलत नव्हते. समोरासमोर आलो की ते उसाकडे बघायचे आणि मी पाण्याकडे.

मग एका सकाळी, बरेच महिने गेल्यावर, मी एकटीच कालव्यावर होते. मागून पावलं ऐकू आली. आप्पा होते, मोटारसायकल न घेता, हातात काठी. त्यांनाही साखर निघाल्याचं कॉलनीत कळलं होतं. ते माझ्या बरोबरीला आले, चार पावलं चालले आणि समोर बघतच विचारलं,

“ती कुटवर यायची?”

“वारूळवाडीच्या पुलापर्यंत. एकदाच.”

ते थांबले. “एवड्या लांब? चालत?”

“हो. आणि चालत परत आली.”

मी थांबले नाही. त्यांना रडायचं असेल तर त्यांनी एकट्यानं रडावं, असं मला वाटलं. बऱ्याच पुढं गेल्यावर वळून बघितलं. आप्पा काठी टेकत, दम खात, पुलाच्या दिशेनं येत होते.